साधनाचा अधिकारी कोण?

काही प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुरू होतात आणि घरी येईपर्यंत तत्त्वज्ञानाचे होऊन बसतात. दोन कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा, हा तसाच एक प्रश्न. वरवर पाहता तो पैशांचा आहे. खिशात किती आहेत ते मोजले की संपला. मला मात्र गेले वर्षभर त्याने सोडलेले नाही, आणि त्याचे कारण कॅमेऱ्याचे वेड हे नव्हे. तत्त्वज्ञान घेऊन मी एम. ए. झालो, पुढचे आयुष्य मराठी व इंग्रजी शिकवण्यात आणि आता शाळेच्या फायली सांभाळण्यात चालले आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत मी आपला हौशी बघ्या. पण या दोन यंत्रांच्या किमतींत जे अंतर आहे, त्या अंतरात मला एक फार जुना प्रश्न उभा दिसतो. चांगले साधन कोणाच्या हाती असावे?

उदाहरण नेमके घेतलेले बरे. कॅनन या जपानी कंपनीने मे २०२३ मध्ये ‘ईओएस आर १००’ नावाचा कॅमेरा आणला, आणि जुलै २०२४ मध्ये ‘ईओएस आर १’. नावांत दोन शून्यांचा फरक; पण शून्ये कमी झाली की किंमत वाढते, असा हा उलटा हिशेब आहे. बाजारात येताना पहिल्याची अमेरिकेतील किंमत होती ४८० डॉलर आणि दुसऱ्याची ६,२९९ डॉलर, म्हणजे तेरा पट. ही दोन्ही किंमत नुसत्या कॅमेऱ्याची, भिंग वेगळे. आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या पैशात एखादी जुनी स्कूटर येईल आणि दुसऱ्याच्या पैशात नवी छोटी मोटार.

दोन्ही ‘मिररलेस’ जातीचे, म्हणजे बिनआरशाचे. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर डोळ्याकडे जाई. बटण दाबले की आरसा खाडकन वर उचलला जाई आणि मग प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडे. ज्या क्षणी चित्र घेतले जाई, नेमक्या त्याच क्षणी छायाचित्रकाराला काही दिसत नसे, ही त्यातली गंमत. २००८ मध्ये पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला पहिला भिंगबदलू कॅमेरा आणला, आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत आरसेवाले कॅमेरे जवळजवळ मागे पडले. आता सेन्सरवर पडणारे चित्रच आतल्या छोट्या पडद्यावर दिसते.

मला चक्रावून टाकले ते पुढच्या आकड्यांनी. चारशेऐंशी डॉलरच्या कॅमेऱ्याचे चित्र २४.१ मेगापिक्सलचे, आणि तेरा पट महाग कॅमेऱ्याचे २४.२ मेगापिक्सलचे! भर दुपारी अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा फोटो दोन्हींनी काढा, पोस्टकार्डाएवढा छापा आणि घरातल्या माणसांपुढे ठेवा. कोणता कशाचा हे ओळखणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मग उरलेली बारा पट रक्कम जाते कुठे?

ती जाते दुपार नसते तेव्हा. महाग कॅमेऱ्याचा सेन्सर छत्तीस मिलिमीटर रुंद व चोवीस उंच. स्वस्ताचा सुमारे बावीस रुंद व पंधरा उंच. क्षेत्रफळ मांडले तर पहिला दुसऱ्याच्या अडीच पटींहून मोठा. पावसात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल, तसा हा प्रकार आहे. धो धो पावसात वाटीही भरते. चार थेंब पडत असताना मात्र परात हवी. शिवाय स्वस्त कॅमेरा सेकंदाला साडेसहा चित्रे घेतो, आणि हलत्या माणसावर सतत नजर ठेवून घ्यायची म्हटली तर साडेतीन. महाग कॅमेरा चाळीस घेतो. इतकेच नव्हे, बटण अर्धे दाबून ठेवले तर ते पूर्ण दाबण्याच्या किंचित आधीची चित्रेही तो राखून ठेवतो, म्हणजे माणसाचे बोट उशिरा हलले तरी यंत्र वेळेवर असते. त्याला पाऊस, धूळ यांच्यापासून जपणारे बंदिस्त अंग आहे; हाताचा कंप सावरून घेणारी रचना आहे; आणि स्मृतिपत्रिका, म्हणजे आपण कार्ड म्हणतो ती, घालायला दोन खाचा आहेत. प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन ठिकाणी लिहून ठेवता येते. स्वस्ताला खाच एकच.

आता मंगल कार्यालयात चला. संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइट आणि स्टेजवर पिवळे-जांभळे दिवे. मंगलाष्टके संपत आली आहेत. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट एका बाजूला सरकतो, वाजंत्री एकदम उसळते, अक्षता हवेत आणि नवरा-नवरी पहिल्यांदा समोरासमोर. हे सारे चालते दीड-दोन सेकंद. त्यातही नवरीने मान वर केली तो क्षण त्याहून लहान. वाटीत चार थेंब पडत असताना, हलत्या माणसांवर, साडेतीनच्या गतीने हा क्षण सापडला तर ते नशीब. परातीला आणि चाळीसच्या गतीला तो बहुधा सापडतो.

न सापडला तर काय करतात तेही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. “पुन्हा एकदा हार घाला, इकडे बघून!” भटजी घड्याळाकडे पाहतात, आजी पुटपुटतात, आणि एकदा झालेला विधी कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा होतो. मला हा प्रकार नेहमीच खुपतो. जे घडले त्याची साक्ष ठेवायला बोलावलेला माणूस, साक्ष हुकली म्हणून घटनाच पुन्हा घडवून आणतो. पण त्याला तरी दोष काय द्यावा? चार दिवसांनी अल्बम उघडणारे लोक त्यालाच जाब विचारणार असतात.

आमच्या भागात असेच एक जुने छायाचित्रकार आहेत. घरची भाषा कानडी, धंद्याची मराठी, आणि सारे गाव त्यांना मामा म्हणते. कर्ज काढून त्यांनी मोठा कॅमेरा घेतला तेव्हा मी त्यांना विचारले, “मामा, एवढ्या पैशांनी फोटो किती चांगला येतो हो?” ते हसले. म्हणाले, “कॅमेरा चांगला म्हणून फोटो चांगला येतंय असं नव्हे बघा, सर. कॅमेरा चांगला असला की मला रात्री झोप येत्ये.”

झोपेची ही गोष्ट मला त्यानंतर काही महिन्यांनी नीट कळली. जवळच्याच गावातल्या एका होतकरू मुलाने एका लग्नाचे काम घेतले होते. कॅमेरा साधा, एका खाचेचा. दिवसभर त्याने जीव तोडून फोटो काढले आणि रात्री कार्ड संगणकात घातले तर ते कोरे. दुरुस्तीवाल्याकडेही काही निघाले नाही. मुलगा प्रामाणिक, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याने सांगितले आणि घेतलेली आगाऊ रक्कम ठेवून आला. नवरा-नवरीने पुन्हा मुंडावळ्या बांधून, शालू नेसून, दोन-चार फोटो काढून घेतले म्हणे. पण पाहुणे कुठून आणणार? पोरीला सासरी धाडताना बापाचा चेहरा कसा झाला होता, तो कुठून आणणार?

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की बारा पट पैशांत मिळते ते सौंदर्य नाही. तो विमा असतो. परत न येणाऱ्या क्षणाची हमी ज्याने दुसऱ्याला दिली आहे, त्याने त्या हमीसाठी भरलेला हा हप्ता आहे. आणि असे असेल, तर मोठ्या कॅमेऱ्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा’ असे नाही आणि ‘ज्याच्याकडे कला आहे त्याचा’ असेही नाही. ज्याच्या मानेवर जबाबदारी आहे त्याचा तो आधी. मामांइतका हात त्या होतकरू मुलाचाही बसला असेल. पण दुसऱ्याच्या लग्नाला जाताना त्याने निदान दोन खाचा असलेला कॅमेरा भाड्याने आणायला हवा होता, असे मी म्हणेन. स्वतःच्या सहलीला जाताना त्याने एक खाच नेली असती तर कोणाचे काही बिघडत नव्हते. चूक कलेची नव्हती, पण नीतीच्या दृष्टीने ती लहानही नव्हती.

याच्या उलट बाजूचे लोकही आपल्याकडे कमी नाहीत. गळ्यात मोठे धूड अडकवून फिरायचे, आणि फोटो हलला की म्हणायचे, भिंग बरोबर नव्हते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आता महाग अंगणालाही लागू पडते. यजमान मंडळीही छायाचित्रकाराचे काम पाहण्याऐवजी “कॅमेरा कुठला आहे?” असे विचारू लागली आहेत. एक छायाचित्रकार मला म्हणाला की लहान, हलका कॅमेरा काढला की नवऱ्या मुलाचे काका संशयाने पाहतात. अकराशे पंधरा ग्रॅमचे यंत्र आणि तीनशे छप्पन्न ग्रॅमचे यंत्र यांतले वजन अशा वेळी प्रतिष्ठेच्या तराजूत मोजले जाते.

साधनात सामर्थ्य आहे ही समजूत किती पोकळ असते, ते महाभारताने मौसलपर्वात सांगून ठेवले आहे. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला आणि वाटेत आभीरांनी लाठ्याकाठ्या घेऊन गाठले. तोच गांडीव, तोच अर्जुन. पण प्रत्यंचा चढता चढेना, अस्त्रे आठवेनात, अक्षय म्हणवणारे बाण संपले. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीने त्याला अडवून गांडीव परत मागितला, आणि अर्जुनाने तो पाण्यात सोडला. म्हणजे ते धनुष्य त्याच्या मालकीचे कधी नव्हतेच. एका कामासाठी ते वापरायला दिलेले होते. काम संपल्यावर ते परत करायचे, ही कल्पना मला फार मोठी वाटते. आपल्याकडे ‘अधिकार’ या शब्दाचा जुना अर्थ पात्रता असा होता. आता तो केवळ मालकी किंवा सत्ता असा उरला आहे.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात नेमका हाच प्रश्न बासऱ्यांविषयी विचारला आहे. उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात? कुलीनाला नाही, देखण्याला नाही. ज्याला उत्तम वाजवता येते त्याला. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात बासरी एकच ठेवली आणि मागणारी मुले तीन केली. एकाला वाजवता येते, दुसऱ्याकडे खेळायला दुसरे काही नाही, तिसऱ्याने ती स्वतः घडवली आहे. तिघांचेही म्हणणे खरे वाटते, आणि सेन यांना दाखवायचे आहे तेही हेच की एकच एक उत्तर सहजी निघत नाही. माझी यात एक भर आहे. चौथा एक मुलगा असा असतो, की ज्याने बासरी अजून हातातच धरलेली नाही. तो काय करू शकेल ते त्याला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. ॲरिस्टॉटलच्या न्यायाने त्याचा नंबर कधीच लागणार नाही, कारण वाजवता येण्यासाठी आधी बासरी लागते.

राजा दीनदयाळांचे उदाहरण घ्या. इंदूरच्या आणि हैदराबादच्या मराठी घरांना हे नाव नवे नाही. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मलेला, रुडकीला अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारा नोकर होता. तिशीच्या आसपास त्याने कॅमेरा हाती घेतला. त्या काळी एक काच म्हणजे एक चित्र; सेकंदाला चाळीस तर सोडाच, एका चित्रासाठी तिपाई, काळे कापड, काचांची पेटी आणि ती वाहणारी माणसे लागत. पुढे तो निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला आणि त्या काळचा हिंदुस्थान आज आपण पुष्कळसा त्याच्या डोळ्यांनी पाहतो. पण त्याने कॅमेरा हाती घेतला तेव्हा, नकाशे काढणाऱ्या एका नोकराचा या महागड्या यंत्रावर अधिकार आहे, असे कोणत्या मोजपट्टीने ठरले असते? इंदूरच्या महाराजांनी आणि तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला उत्तेजन दिले, ते पात्रता सिद्ध झाल्यावर दिलेले बक्षीस नव्हते. पात्रता तयार होण्यासाठी कोणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो.

इथेच स्वस्त कॅमेऱ्याचे मोल आहे, आणि इथेच माझे त्याच्या निर्मात्यांशी भांडणही आहे. स्वस्त वस्तूत उणीव असणारच. लहान सेन्सर स्वस्त पडतो, मोठा महाग पडतो. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. पण या आर १०० चा मागचा पडदा स्पर्शाला दाद देत नाही आणि जागचा हलतही नाही. याच कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या एम ५० या नवशिक्यांच्याच कॅमेऱ्याला बाहेर उघडून फिरवता येणारा, बोटाने चालणारा पडदा होता. आतला प्रक्रियक त्याच पिढीचा, चित्रही तेवढ्याच मेगापिक्सलचे. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जे येत होते ते पुढे काढून घेतले. कंपनी म्हणेल, किंमत खाली आणायची तर काहीतरी काढावेच लागते. हे मला मान्य आहे. पण पायऱ्या अशा बांधायच्या की खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला सारखे वरच्या पायरीकडे पाहावे लागावे, यामागची दृष्टी निराळी. वस्तू साधी असणे वेगळे आणि तिच्यात साधेपणाची बोच ठेवणे वेगळे. गरिबाच्या ताटात पदार्थ कमी असतील. पण ताट मुद्दाम पोचे पाडून वाढू नये.

आमच्या या दुभाषी मुलुखात परक्या माणसाला कानडीचे पहिले दोन शब्द कळतात ते पंगतीत: बेकु आणि साकु. हवे आणि पुरे. वाढपी वाकून विचारतो, आणि जेवणारा पानावर आडवा हात धरून “साकु, साकु” म्हणतो. बाजारातल्या कॅमेऱ्यांना ‘साकु’ हा शब्द ठाऊक नाही. दरवर्षी नवे काहीतरी निघते आणि कालपर्यंत पुरेसे होते ते आज अपुरे ठरते. मोबाइल हाती आल्यापासून तर “कॅमेरा हवाच कशाला?” असेही विचारले जाते, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो प्रश्न रास्त आहे. साकु म्हणण्याची वेळ कोणती, हे मात्र ज्याच्या पोटात भूक असते त्यालाच कळते; वाढप्याने ते ठरवू नये, तसे शेजाऱ्यानेही ठरवू नये.

जुलै २०२४ मधली एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या लाटांवरच्या शर्यती फ्रान्सपासून हजारो मैलांवर, ताहितीच्या किनाऱ्याशी झाल्या. तिथे जेरोम ब्रुये या एएफपीच्या छायाचित्रकाराने ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना लाटेवरून हवेत उसळला असता त्याचे चित्र टिपले. माणूस हवेत ताठ उभा, एक बोट आभाळाकडे, आणि शेजारी त्याची फळी तशीच उभी. जगभर ते छापले गेले. ब्रुये होडीत होता, लाटेमागे मेदिना काय करतो आहे ते त्याला दिसत नव्हते. पण हा गडी लाट जिंकल्यावर काहीतरी करणार, हे तो जाणून होता. मेदिना पाण्याबाहेर आला तेव्हा त्याने चारच चित्रे घेतली. सेकंदाला चाळीस चित्रांच्या जमान्यात चार! आणि दुसरीकडे होमाई व्यारावाला. आयुष्याची अखेरची वर्षे वडोदऱ्यात काढून २०१२ मध्ये वारलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकार. रोलीफ्लेक्स गळ्यात घालून त्यांनी स्वातंत्र्यानंतरची सारी दिल्ली टिपली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनातल्या प्रार्थनेला निघाल्याही होत्या. पतीने मागे बोलावले, उद्या दोघे मिळून जाऊ म्हणून. तो उद्या काही उगवला नाही. कोणता कॅमेरा हातात होता याला तिथे काय अर्थ?

शिकणाऱ्याबद्दल मात्र मला अजून थोडे बोलायचे आहे, कारण शेवटी मी शिक्षक आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात, “नवशिक्याला काय करायचाय चांगला? आधी शिकू दे, मग घेऊ.” मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांना हे विचारून पाहा. मुरलेला गवई सुमार तंबोऱ्यावरही गाऊन जाईल, कारण त्याच्या कानात सूर पक्का आहे. पोराला जर बेसूर जुळणारा तंबोरा दिला, तर त्याचा कान त्यालाच सूर समजून बसेल. वाईट साधनाने नुकसान होते ते नवशिक्याचे, वाकबगाराचे नव्हे. तेव्हा नवशिक्याला महाग नको, पण खरे बोलणारे साधन हवे. या कसोटीला साधा मिररलेस कॅमेरा उतरतो, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. प्रकाश कमी केला की चित्र काळवंडते ते तो लगेच आतल्या पडद्यावर दाखवतो. चुकले तर चुकले म्हणून सांगतो. उलट मोठा कॅमेरा अंधार सावरतो, कंप सावरतो, बोटाचा उशीर सावरतो. धंदेवाल्याला ते वरदान. पण ज्याला आपण कुठे चुकतो हेच अजून शिकायचे आहे, त्याच्या चुका परस्पर पोटात घालणारा गुरू कितपत उपयोगी?

दोन वर्षांपूर्वी एक बाई शाळेत आल्या. त्यांचा मुलगा आमच्याकडून दहावी होऊन गेला होता आणि नुकताच अपघातात गेला होता. घरात त्याचे मोबाइलमधले फोटो होते, पण ते कुठे टोपी घातलेले, कुठे काळा चष्मा लावलेले. त्यांना भिंतीवर लावायला त्याचा साधा चेहरा हवा होता. दहावीच्या वर्गाच्या फोटोत तो तिसऱ्या ओळीत उभा होता, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मी मामांना फोन केला, कारण तो फोटो त्यांचाच, त्या काळच्या त्यांच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेला. मामांनी वर्षावार सगळे जपून ठेवले होते, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. तो फोटो काढताना त्यांनी साठ मुलांना उन्हातून उठवून उत्तरेच्या व्हरांड्यासमोर सावलीत नेले होते, कॅमेरा तिपाईवर चढवला होता आणि कोणी ना कोणी डोळे मिटतेच म्हणून एकसारखे तीन फोटो घेतले होते. आम्ही शिक्षक तेव्हा तास बुडतो म्हणून कुरकुरलो होतो. तिसऱ्या फोटोत त्या मुलाचे डोळे उघडे होते. मोठा केल्यावर चित्र थोडे रवाळ झाले, पण चेहरा चेहऱ्यासारखा आला. मी पैशांचे विचारले तेव्हा मामा एवढेच म्हणाले, “इरली बिड्री सर.” राहू द्या हो.

या घटनेने माझा विम्याचा सिद्धान्त थोडा डळमळला, हे मी मान्य करतो. पुन्हा न येणारा क्षण कोणता, हे तो येताना कळतेच असे नाही. लग्नाला आपण सज्ज असतो. वर्गाच्या फोटोला नसतो. मग सगळ्यांनीच, सगळ्या वेळी, सहा हजार डॉलरचे यंत्र बाळगावे काय? ते शक्य नाही आणि मामांकडे तेव्हा ते नव्हतेही. दुसरी खाच त्यांच्या कॅमेऱ्यात नव्हती, तर ती त्यांनी घरच्या कपाटात तयार केली होती.

हे सगळे डोक्यात असतानाच यंदा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला कॅमेऱ्यासाठी म्हणून दोन लाख रुपये दिले. पुण्यात असणाऱ्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे, वापरलेला पण व्यावसायिक दर्जाचा एक कॅमेरा घ्यावा. शाळेची शान राहील, वार्षिक अंकाचे फोटोही झकास येतील. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, साधे तीन घ्या. बैठक दोन तास चालली. शान हा शब्द निघाला की माझ्या डोळ्यांसमोर शाळा-शाळांतली कपाटे येतात. त्यांत मखमली वेष्टनातला सूक्ष्मदर्शक असतो, दुर्बीण असते, कोणा देणगीदाराची पेटी असते. त्यांना मुलांचे बोट लागू नये म्हणून आपण त्यांना कुलपात ठेवतो आणि वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी पुसतो. वस्तू जितकी महाग तितकी तिची किल्ली दूर. लग्नघरात मोठा कॅमेरा जबाबदारी पेलतो. शाळेच्या कपाटात तो कोणाचीच पेलत नाही.

शेवटी साधे तीन घेतले. उरलेल्या पैशांत एक जास्त प्रकाश आत घेणारे भिंग, एक मजबूत तिपाई, जादा कार्डे आणि फोटो साठवायला दोन डिस्क. पुण्याच्या विद्यार्थ्याला मी सविस्तर पत्र लिहिले. त्याला ते सगळे पटलेले नाही, आणि त्याच्याही म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. संध्याकाळच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आमच्या मुलांचे यंदा बरेचसे हललेलेच आले.

कॅमेरे डेडस्टॉक रजिस्टरात चढले. आता प्रश्न आला तो सुट्टीत ते घरी न्यायला द्यावेत की नाही हा. आमचे क्लार्क काटेकोर गृहस्थ. त्यांनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला, ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून, आणि तिथे चित्रकलेच्या सरांचे नाव लिहू का, असे मला विचारले. मी म्हटले, जो नेईल त्याचे लिहा. नववीतली एक मुलगी पहिली आली. वडील वीटभट्टीवर मुकादम आहेत, तेही बरोबर आले होते, हात पँटीला पुसत दारातच उभे. तिने रकान्यात मराठीत आपले पूर्ण नाव लिहिले. क्लार्क म्हणाले, पालकांचीही सही लागेल. वडिलांनी पेन घेतले, मुलीने कुठे लिहिले आहे ते वाकून पाहिले, आणि तिच्या नावाखाली सावकाश कानडीत सही केली.